पार्सलचं मीठ

वसमतच्या बाजूला हळद शिजायला लागली की सकाळी रस्ता धड दिसत नाही. शेताशेतांतून वाफेचे लोट उठतात, कोवळं ऊन त्यातून गाळून येतं आणि स्कूटीवर बसलेल्या माणसाला वाटतं, आपण कुणाच्या तरी भल्यामोठ्या स्वयंपाकघरातून चाललो आहोत. अशा वाफेतून मी पुष्कळदा गेले आहे. हेल्मेटच्या काचेवर ओल धरायची, ओढणीला वास राहायचा. तो वास कुठूनही आला की मला हट्टा गावाच्या अलीकडचा एक फाटा दिसतो, पत्र्याची खानावळ दिसते आणि चुलीवर शेजारी शेजारी ठेवलेली दोन पातेली.

माझं काम खाण्याचं आहे. जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी हिंगोली जिल्ह्यातल्या खानावळी, हॉटेलं, ढाबे आणि जत्रांतल्या गाड्यांवर लिहिते. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त असतात. माझे केस अजून काळे आहेत. पण जिभेचं वय वेगळं मोजायला हवं. ती बरीच रस्त्यावर राहिलेली आहे.

मी या कामात आले ते लढायला. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा जयंतीला, मेळाव्याला चादर अंथरून पुस्तिका विकायचे. उरलेल्या पुस्तिका घरी यायच्या आणि मी त्या वाचायचे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असलेलं मराठी मी आधी शिकले, साधं मराठी नंतर. त्यामुळे पुरवणीसाठी पहिला लेख लिहिला तेव्हा बसस्टँडसमोरच्या मिसळीत मी हजारो वर्षांचा अन्याय बुडवून काढला होता. संपादकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, तर्री तिखट होती की नव्हती, एवढं तरी सांगा."

हळूहळू काम कळत गेलं. नवख्यांसाठी सांगते. हॉटेलात शिरताना पाटी वाचू नये, आधी मोरी बघावी. आपण कोण आहोत ते सांगू नये. सांगितलं की भजी गरम येतात आणि लेख खोटा होतो. बिल आपलं आपण द्यावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "तुमच्याकडे काय चांगलं मिळतं?" असं मालकाला कधीच विचारू नये. विचारावं, "तुम्ही आज काय खाल्लं?" या एका प्रश्नानं जिल्हा उघडतो. काजू करीची मोठी जाहिरात लावलेल्या एका ढाबेवाल्यानं मान खाली घालून सांगितलं होतं, "मी? मी घरून डबा आणतो." नरसीला भाविकांसाठी पेढे विकणाऱ्या एका बाईनं पेढ्यांच्या परातीमागून ठेचा-भाकरीचं फडकं काढलं आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. पेढ्याबद्दल मी दोन ओळी लिहिल्या, ठेच्याबद्दल अर्धं पान.

साखरा गावात एका म्हाताऱ्या आजोबांनी ज्वारीच्या कण्या आणि ताक वाढलं होतं. कोरडवाहू रानाच्या कडेला लिंबाखाली बसून आम्ही जेवलो. कण्या मऊ होत्या, ताकाला मोहरीचा वास होता, आणि वारा असा होता की जेवताजेवता डोळे मिटावेत. मी विचारलं, "आजोबा, हे पेपरात लिहू का?"

"नगं पोरी," ते घाबरून म्हणाले. "कण्या खातेत म्हणून छापलं, तर नातवाला पोरगी कोण दील?"

मी तेव्हा लिहिलं नाही. नातवाचं लग्न झालं, आता लिहिते. ते ताक अजूनही कधीकधी माझ्या झोपेत येतं.

चंद्रकला मावशींची खानावळ मला अशीच सापडली. फाट्यावर चहा पीत होते आणि शेजारच्या ट्रकवाल्याला विचारलं, तुम्ही कुठं जेवता? त्यानं हनुवटीनं पत्र्याकडे दाखवलं. पाटी नव्हती. आत दोन बाकं, एक हातपंपाच्या पाण्याचा माठ आणि चुलीपाशी पन्नाशीतली, भुवयांवर पीठ लागलेली बाई. जेवायला ज्वारीची भाकरी, कांदा आणि येसर आमटी.

येसर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धान्य, डाळ आणि मसाले खमंग भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. मराठवाड्यात लग्नघरी ते आधी तयार होतं आणि पंगतीतली आमटी त्यानं दाटते. मावशींची आमटी तोंडात गेली आणि मला उगाचच कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात, सनईच्या आवाजात, लहान होऊन बसल्यासारखं वाटलं. आमच्या घरच्या लग्नांत सनई नसते. तरीही वाटलं.

"मावशी, हे कुठं शिकलात?"

"माजी आई लग्नघरी लाकडं फोडाया जायची. मांडवाच्या मागं. भाजायचा वास यायचा. वासानं शिकली ती. मी तिच्याकडून."

बोलताबोलता कळलं, मावशी आमच्यातल्याच. घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब. आणि मग माझं लक्ष दोन पातेल्यांकडे गेलं. एक लहान, एक थोरलं. आमटी दोन्हींत तीच.

"दोन पातेली काहून, मावशी?"

"हे धाकलं बसणाऱ्याचं. हे थोरलं पार्सलचं."

"आणि पार्सल कोण नेतं?"

"गावातले. बागायतदार, दुकानदार. हितं मजूर बसतेत, डायवर बसतेत. गावातले बसत न्हाईत. गाडीवरून येतेत, पिशवी घेतेत, जातेत."

माझ्या डोक्यात लहानपणीची सगळी उद्गारचिन्हं एकदम उभी राहिली. दोन कप, दोन घडे, हे सगळं मी वाचून मोठी झाले होते. मी बाकावरून उठलेच.

"त्यांच्यासाठी वेगळं पातेलं? आणि तुम्ही ते ठेवता?"

"बस खाली. डोळे काय वटारून राहिली?" मावशी हसल्या. "मीठ येगळं हाय नुसतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कुठल्याही पत्रकात वाचलं नव्हतं. पार्सल घरी गेलं की ती माणसं ते तसंच खात नाहीत. आधी आपल्या भांड्यात ओततात आणि आपल्या गॅसवर एक उकळी देतात. आपल्या आगीवर उकळली की आमटी आपली झाली. पण त्या उकळीनं आमटी आटते, दाटते, मीठ वर येतं. सुरुवातीला गावातून निरोप यायचे, चंद्रकलाचा हात खारट झालाय. म्हणून पार्सलच्या पातेल्यात पाणी जरा जास्त आणि मीठ कमी. त्यांच्या घरच्या उकळीसाठी जागा ठेवून.

"तुम्हाला राग नाही येत?"

"आला व्हता. मग त्याचं माप बसलं." त्यांनी थोरल्या पातेल्यात पळी फिरवली. "राग सोड. एक मातर वाटतंय. माज्या गावच्या माणसाचं तोंड माजी आमटी खाताना कसं व्हतंय, ते मी कधी बघितलं न्हाई. पिशवीला गाठ मारून देते, गाडी जाती. मागं नुसता धुरळा."

त्या दिवशी परत येताना वाफेतून गाडी चालवत होते आणि मला सारखं वाटत होतं, या धुक्यात कुठंतरी गावभर ताटं मांडली आहेत, माणसं जेवताहेत आणि कुणालाच चेहरा नाही.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी हिंगोलीत खाद्यमहोत्सव ठरला. गावोगावच्या स्वयंपाकिणी निवडायचं काम माझ्याकडे आलं. नियम एकच होता: प्रत्येक स्टॉलवर करणारीचं पूर्ण नाव आणि गाव. मी थेट फाट्यावर गेले.

मावशींचा चेहरा आधी खुलला, मग विझला. "पुरं नाव?"

"पूर्ण. आडनावासकट. मोठ्या अक्षरात."

"पोरी, समद्याला ठाऊक हाय मी कोण ते. पण ठाऊक असणं येगळं आन् पाटीवर लिहिणं येगळं. ठाऊक असलं तर माणूस गप ऱ्हाऊन पिशवी नेतो. लिहिलं की त्याला काहीतरी ठरवावं लागतंय."

त्यांचं म्हणणं मला नंतर पूर्ण कळलं. खानावळ पार्सलवर चालत होती. त्यातही सगळ्यात मोठं घर सुभद्राकाकूंचं, हट्ट्याकडच्या मोठ्या हळदवाल्यांचं. हळद शिजायच्या दिवसांत त्या घरच्या बायकांना चुलीपाशी उभं राहायला वेळ नसायचा, तेव्हा थोरलं पातेलं अर्धं त्यांच्याकडेच जायचं. ते घर तुटलं तर बाकीची घरं त्याच्यामागून तुटणार. माझं काय जाणार होतं? एक लेख. मावशींची चूल जाणार होती.

तरीही मी बोलत राहिले. बाबांच्या चादरीवरून उचललेली सगळी वाक्यं बोलले. मावशी भाकरी थापत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झालं तुजं? लिही. पुरं लिही. पण माजी बी एक अट. तिथं मी पार्सल देणार न्हाई. पिशव्याच नेत न्हाई. ज्यानं खायाचं त्यानं माज्यासमोर खावं."

मी जिथवर विचार केला होता त्याच्या पुढची ही अट होती. माझी लढाई पाटीपर्यंतच पोचली होती.

महोत्सवाच्या दिवशी ऊन मऊ होतं. मैदानात मांडव, मांडवात धूर, धुरातून धपाट्यांचा, शेंगदाण्याच्या चटणीचा, भरल्या वांग्यांचा वास. कुठून तरी शाळेतल्या पोरींचं लेझीम ऐकू येत होतं. मावशी नवी निळी साडी नेसून आल्या होत्या. गर्दी बघून त्यांनी थोरलं पातेलंच चढवलं. मी तेव्हा त्यांच्याजवळ नव्हते. समितीतल्या एका सरांशी पाटीवरून माझी जुंपली होती.

"मॅडम, आडनाव कशाला?" ते अगदी गोड आवाजात म्हणत होते. "नुसतं 'मावशीची येसर आमटी' लिहा ना. किती घरगुती वाटतं."

"शेजारच्या स्टॉलवर आडनाव आहे. त्याच्या शेजारी आहे. सगळ्यांना आडनाव आणि हिलाच तेवढी मावशी?"

"गैरसमज नका करून घेऊ. तिच्याच भल्यासाठी म्हणून राहिलो."

पाटी राहिली. मी ती स्वतः दोरीनं बांधली आणि मागं उभी राहून पहारा द्यायला लागले. या गडबडीत आमटी चाखायची मला आठवण राहिली नाही. जिचं पोट चाखण्यावर चालतं तिला.

लोक येऊ लागले. काहीजण पाटी वाचायचे, वाचताना त्यांचे ओठ आडनावापाशी थांबायचे, आणि पावलं पुढच्या स्टॉलकडे वळायची. हे अपेक्षित होतं. पण बाकीचे द्रोण घ्यायचे, एक घास खायचे, तोंड वाकडं करायचे आणि द्रोण हळूच कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. एक, मग दुसरा, मग एक अख्खं कुटुंब. मावशी भाकरीचे तुकडे करत सगळं बघत होत्या. तोंडं बघायला आल्या होत्या त्या, आणि ही तोंडं दिसत होती.

जॅकेट घातलेल्या एका तरुणानं द्रोण टाकला तसं मी त्याला अडवलं.

"काय झालं? नाव वाचून घास उतरेना का?"

तो बिचारा दचकला. "कोणाचं नाव? ताई, आमटी अळणी हाय!"

माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, आता हा बहाणा नवीन निघाला. मी त्याला सुनावत होते, तो "अवो, खाऊन तर बघा" म्हणत होता, दोनचार माणसं जमली होती, तेवढ्यात गर्दीतून सुभद्राकाकू आल्या. सोबत सून. काकूंना मी पेपरातल्या फोटोंतून ओळखत होते. जाड काठाची साडी, डोक्यावरून पदर, चालण्यात घाई नाही. त्या पाटीसमोर थांबल्या. संपूर्ण नाव वाचलं, सावकाश, एकेक अक्षर. मावशींच्या हातातली पळी थांबली.

"चंद्रकले," काकू म्हणाल्या, "दोघींचं पार्सल दे."

"आज पार्सल न्हाई, काकू. पिशव्याच आणल्या न्हाईत. हितंच खावं लागतंय."

लेझीम तेवढं वाजत होतं. मला वाटलं, आता त्या वळणार, आणि त्यांच्या वळण्याबरोबर फाट्यावरचं थोरलं पातेलं कायमचं पालथं पडणार. सून काकूंकडे बघत होती. काकू पाटीकडे बघत होत्या.

मग त्यांनी हात पुढं केला. मावशींनी द्रोण दिला. काकूंनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडात घातला आणि चावत चावत त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"काय गं हे? मीठच न्हाई!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पाणीच पाणी. घरी तर कशी झ्याक लागती तुजी आमटी! एक उकळी दिली की..."

आणि थांबल्या.

पण वाक्य बाहेर आलं होतं. आजूबाजूच्या बायकांनी ते ऐकलं. इतकी वर्षं गाठ मारलेल्या पिशवीतून गुपचूप जाणारी गोष्ट भर मांडवात, सगळ्यात मोठ्या घराच्या बाईच्या तोंडून सांडली होती: ही आमटी आमच्या घरी येते, आम्ही ती खातो, आणि खाण्याआधी तिला उकळी देतो. सुनेनं पदर नीट करण्याचं निमित्त करून मान वळवली.

मावशी मात्र पातेल्याकडे बघत होत्या. एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"आगं बया! पार्सलचं मीठ टाकलं की मी!"

थोरलं पातेलं चढलं होतं, आणि थोरल्या पातेल्याला किती मीठ घालायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. हातानं वर्षानुवर्षांचं माप घातलं होतं. ज्या उकळीसाठी जागा ठेवली होती ती उकळी या मैदानात येणारच नव्हती. जॅकेटवाला तरुण माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगत व्हतो ना." मला त्याच्याकडे बघवेना.

मावशी हसायला लागल्या. आधी एकट्या, मग बाकीचे. हसता हसता त्या काकूंना म्हणाल्या, "गॅस हितं बी हाय, काकू. देऊ का उकळी?"

हसणं थांबलं. काकूंचा चेहरा लाल झाला. पातेल्यातून वाफ वर येत होती आणि त्या दोघींच्या मध्ये उभी होती, पातळ, पांढरी. दोघी एकमेकींना तिच्यातून बघत होत्या. मला ते क्षण आता आठवतात ते कुठल्यातरी पाण्याखालून बघितल्यासारखे. आवाज दूर, हालचाली संथ.

टेबलावर मावशींची मिठाची बरणी होती. काकूंनी तिच्यात आपली बोटं घातली, चिमूट काढली, द्रोणात टाकली, बोटानंच ढवळली. आणि खाल्लं. दुसरा घास, तिसरा घास. भाकरी संपली तेव्हा द्रोण तोंडाला लावून उरलेली आमटी प्यायल्या.

"आता बराबर हाय," म्हणाल्या, सुनेचा दंड धरला आणि गर्दीत गेल्या.

मावशींनी पातेल्यात मूठभर मीठ टाकलं, वरून येसर भुरभुरलं, चांगली उकळू दिली. उन्हं उतरेपर्यंत पातेल्याचा तळ दिसला. सगळे आडनावापाशी थांबणारे परत आले, असं मी लिहिणार नाही, आले नाहीत. पण जे आले त्यांनी द्रोण चाटले.

आवरताना मी मावशींना विचारलं, "मग? बघितलंत ना तोंड? कसं होतं?"

त्या पातेलं घासत होत्या.

"समद्याचं असतंय तसंच," म्हणाल्या. "मला उगी वाटत व्हतं, काहीतरी येगळं असल."

पाटी त्या घरी घेऊन गेल्या. आता ती खानावळीच्या पत्र्यावर आहे, तारेनं घट्ट बांधलेली. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना हवं त्यांनी फाट्यावर जाऊन वाचावं आणि वाचल्यावर बसून जेवावं.

मी वाढले त्या पत्रकांच्या शेवटी सगळं बदललेलं असायचं. इथे तसं झालं नाही. काही घरांचं पार्सल त्यानंतर बंद झालं ते झालंच. काकूंच्या घरचंही थांबलं, आणि मावशींचे ते दिवस कठीण गेले. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मी फाट्यावर गेले की चुलीकडे बघायचं टाळायचे. मग हळद शिजायला लागली आणि एका सकाळी काकूंच्या घरची गाडी पिशवीसाठी पुन्हा आली. काकू खानावळीत बसायला आजवर आलेल्या नाहीत. सून एकदा येऊन बाकावर बसून गेली म्हणतात. मी बघितलं नाही, म्हणून लिहीत नाही.

बदललं ते एवढंच. चुलीवर आता एकच पातेलं असतं. मी गेल्या खेपेला विचारलं, "मावशी, पार्सलचं वेगळं नाही?"

"न्हाई. मीठ आता पुरं टाकते. ज्याला उकळायचंय त्यानं पाणी घालावं."

परत निघाले तेव्हा शेतांतून वाफ उठत होती. रस्ता दिसत नव्हता म्हणून गाडी सावकाश चालवत होते. पुढे कुठंतरी काकूंच्या घरची गाडी चालली असेल, हँडलला गाठ मारलेली पिशवी असेल. घरी कुणीतरी ती गाठ सोडेल, आमटी भांड्यात ओतेल, आणि भांडं हातात घेऊन गॅससमोर घडीभर उभं राहील. गॅस पेटतो की नाही, ते मला या वाफेतून दिसत नाही.